आधी घाम सुकू दे

१८३४च्या सुमारास मुंबईत अमेरिकेचा बर्फ उतरू लागला. बोस्टनजवळच्या तळ्यांवर हिवाळ्यात जमलेला बर्फ कापायचा, लाकडाच्या भुशात दाबून जहाजाच्या पोटात भरायचा आणि चार महिन्यांचा प्रवास करून, विषुववृत्त दोनदा ओलांडून भारतात आणून विकायचा, असा फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याचा उद्योग होता. १८३३मध्ये त्याचं ‘टस्कनी’ जहाज १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं आणि १०० टनांच्या आसपास बर्फ तिथे पोचला. मुंबईत बर्फ आल्यावर जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं, आणि यजमानासकट पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने छापली, असा किस्सा जुन्या मुंबईबद्दल सांगतात.

त्या सर्दीला बर्फ जबाबदार होता का, हा वाद घराघरांत अजून चालू आहे. नागपूरला आजीकडे मे महिन्यात बाहेरून आलं की हात आपसूक रांजणाकडे जायचा आणि मागून आवाज यायचा, “बस न थोडा. घाम तं सुकू दे.” मग तळहातावर गुळाचा खडा. तो विरघळेपर्यंत पाणी नाही. पुढे घरात फ्रिज आला आणि या नियमाला पोटकलमं जोडली गेली: जेवताना फ्रिजचं पाणी नको, खोकला असताना नको, गाण्याच्या क्लासला जायच्या आधी नको. हल्ली व्हॉट्सअॅपवर तर गार पाण्याने हृदयविकारापासून कर्करोगापर्यंत काहीही होतं.

यातलं खरं किती, हे तपासायला गेल्या पन्नास-साठ वर्षांत बऱ्याच लोकांनी थर्मामीटर आणि घड्याळ हातात घेतलं. त्यांचं काम एका जागी मांडून पाहिलं की माझ्यापुरता एक निष्कर्ष निघतो. गारवा किती, यापेक्षा तो कुठे लागला आणि किती झपाट्याने लागला, यावर बहुतेक गोष्टी ठरतात. बहुतेक म्हणतो, सगळ्या नाही. अपवाद वाटेत भेटतीलच.

सर्दीपासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये साल्सबरीला १९४६ ते १९९० सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वयंसेवकांना ओलेत्याने वाऱ्यात उभं करून पाहिलं, ओल्या मोज्यांत बसवून पाहिलं. सर्दी वाढल्याचं दिसलं नाही. १९६८मध्ये अमेरिकेत माणसांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून त्यांना गारठ्यात ठेवलं, तरी फरक पडला नाही. झालं, सर्दी विषाणूंमुळे होते, थंडीचा संबंध नाही, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगू लागले. मग २००५मध्ये कार्डिफ विद्यापीठात १८० जणांवर एक साधा प्रयोग झाला. नव्वद जणांनी वीस मिनिटं १० अंशांच्या पाण्यात पाय बुडवून बसायचं, उरलेल्या नव्वदांनी मोजे-बूट घालून रिकाम्या टबात पाय ठेवायचे. पुढच्या चार-पाच दिवसांत गार पाण्यातल्या १३ जणांनी सर्दी झाल्याचं सांगितलं, दुसऱ्या गटातल्या ५ जणांनी. संशोधकांचा अंदाज असा की विषाणू आधीच नाकात दबा धरून असतो. पाय गारठले की प्रतिक्षिप्त क्रियेने नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथला पहारा ढिला पडतो आणि दबलेली सर्दी वर येते.

याला जोड देणारं काम २०१५मध्ये येल विद्यापीठातून आलं. सर्दीचा नेहमीचा विषाणू ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना जोमाने वाढतो, आणि त्याचं एक कारण असं की गार पेशींची प्रतिकाराची घंटा उशिरा वाजते. श्वासामुळे नाक शरीरापेक्षा तसंही थोडं गारच असतं. म्हणजे ‘थंडीने सर्दी होते’ हे आजीचं वाक्य चूक नव्हतं, अर्धं होतं. विषाणू नसेल तर बर्फाच्या लादीवर झोपूनही सर्दी व्हायची नाही. जीजीभॉयांच्या पंगतीत शिंकणारा एखादा पाहुणा असणार, असा माझा संशय आहे.

पण पाय बुडवणं वेगळं आणि पाणी पिणं वेगळं. पिण्यावरचा जुना आणि गमतीशीर अभ्यास १९७८चा, अमेरिकेतल्या मायामीचा आहे. नाकातला शेंबूड किती वेगाने पुढे सरकतो हे त्यांनी मोजलं. गरम पाण्याच्या घोटांनी तो वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४वर गेला, कोंबडीच्या गरम सुपाने ६.९वरून ९.२वर, आणि गार पाण्याने ७.३वरून ४.५वर उतरला. गरम पेयांचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला, गार पाण्याचा मात्र तेव्हाही टिकून होता. म्हणून नाक चोंदलेलं असताना आई कढण किंवा सूप देते ते बरोबर आणि फ्रिजची बाटली काढून घेते तेही बरोबर. मात्र तेवढ्यावरून निरोग्या माणसाला गार पाण्याने सर्दी ‘होते’ असं म्हणता येत नाही. गाडीवरचा गोळा खाऊन घसा आणि पोट बिघडतं त्याचं कारण बहुधा बर्फाच्या गारव्यात नसून बर्फाच्या पाण्यात असतं. गोठवल्याने सगळे जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात. मासळी टिकवायला केलेला बर्फ सरबतात पडू नये म्हणून २०१८मध्ये महाराष्ट्रात खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळा रंगवण्याचा नियम आला. पण बर्फाच्या कालाखट्ट्यात निळा कोण ओळखणार!

आता पोट. ‘जेवणानंतर गार पाणी प्यायलं की पोटातलं तेल-तूप गोठतं, त्याचा चिकट थर आतड्याला बसतो आणि त्यातून कर्करोग होतो,’ हा निरोप तुम्हालाही आलेला असेल. हिशेब करून पाहू. पोटात ३७ अंशांचं ८०० ग्रॅम जेवण आहे आणि त्यावर ८ अंशांचं पेलाभर, म्हणजे २०० ग्रॅम पाणी ओतलं, तर मिश्रण ३१ अंशांच्या थोडं वर येतं. एवढ्या तापमानाला बरणीतलं तूपही बहुतांशी पातळ असतं, आणि तेल तर फ्रिजमध्येही बहुधा वाहतं. शिवाय जठर हे रक्ताने वेढलेलं, सतत घुसळणारं भांडं आहे. प्यायलेलं पेय वीस-तीस मिनिटांत शरीराच्या तापमानाला येतं. गार पेय जठरातून सुरुवातीला जरा सावकाश पुढे जातं, इतकंच. पचन ‘विझतं’ वगैरे काही नाही.

या हिशेबाची उलट बाजूही बघण्यासारखी आहे, कारण गार पाण्याने वजन उतरतं असं सांगणारेही आहेत. अर्धा लिटर ४ अंशांचं पाणी ३७पर्यंत तापवायला शरीराला सोळा-साडेसोळा किलोकॅलरी लागतात. एका पोळीलाही ते पुरायचे नाहीत. सत्तर किलोच्या माणसाचं अख्खं शरीर त्या पाण्याने साधारण पाव अंश उतरेल. पण पाण्याऐवजी अर्धा किलो बर्फ खाल्ला तर? बर्फ वितळवायलाच ग्रॅममागे ८० कॅलरी उष्णता जाते, मग ते पाणी तापवायची वेगळी. बेरीज साठ किलोकॅलरींच्या जवळ, म्हणजे अंदाजे एक अंश. पाणी आणि बर्फ यांच्यातला हा फरक धावपटूंनी उचलला. २०१०च्या एका प्रयोगात ३४ अंशांच्या उकाड्यात धावण्याआधी ४ अंशांचं पाणी प्यायलेली माणसं सरासरी ४०.७ मिनिटं टिकली, तर तेवढ्याच वजनाचा बर्फाचा चुरा खाल्लेली ५०.२ मिनिटं. गोळेवाल्याने दुकानावर लावावी अशी ही आकडेवारी आहे.

गार पाणी कोणालाच बाधत नाही, असंही नाही. स्वीडनमध्ये ६६९ स्त्रियांना नळीने बर्फाचं पाणी प्यायला दिलं तेव्हा ५१ जणींचं डोकं दुखलं, आणि अर्धशिशी असणाऱ्यांत हे प्रमाण दुप्पट होतं. अन्ननलिकेचं खालचं दार नीट न उघडण्याचा आजार असलेल्यांना गार घोट छातीत अडकतो. त्यांनी कोमट पाणी प्यावं, असं डॉक्टर सांगतात ते उगाच नाही. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कप्प्याला मागून खेटून जाते, त्यामुळे बर्फाळ पेय गटागटा गिळल्यावर ठोके अनियमित झालेले मोजके रुग्णही नोंदले गेले आहेत. काहींना गारव्याची पित्तं उठतात. अशा माणसाचा घसाही गार पेयाने सुजू शकतो आणि गार पाण्यात उडी मारली तर जीवावर बेतू शकतं. ही माणसं थोडी असली तरी खरी आहेत. त्यांच्यासाठीचा नियम सगळ्या गावाला लावायची गरज नाही.

दातांची गोष्ट घरातली. हिरड्या मागे सरून दाताचा आतला थर उघडा पडला की त्यातल्या सूक्ष्म नळ्यांमधलं द्रव गारव्याने हलतं आणि कळ मस्तकात जाते, हा सिद्धान्त जुना आहे. २०२१मध्ये संशोधकांना दाताच्या पेशींमध्येच गारवा ओळखणारं एक प्रथिन सापडलं, आणि लवंगेच्या तेलातला युजेनॉल नेमकं तेच बंद करतो असं दिसलं. दुखऱ्या दाताखाली लवंग धरायला सांगणाऱ्या पिढ्यांना हे प्रथिन ठाऊक असायचं कारण नव्हतं. कातडीतला आणि तोंडातला गारव्याचा मुख्य पहारेकरी २००२मध्ये सापडला होता. तो गार पाण्याने जागा होतो तसाच पुदिन्यातल्या मेंथॉलनेही होतो. पेपरमिंट चघळून पाणी प्यायलं की साधं पाणीही बर्फासारखं लागतं ते यामुळे. तापमान आणि स्पर्शाच्या अशा पहारेकऱ्यांचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१चं नोबेल मिळालं. जिभेच्या गोड चवीचा पहारेकरी मात्र गारव्यात झोपाळतो. कोल्ड्रिंक कोमट झालं की पाकासारखं गोड का लागतं, हे त्यावरून कळतं. साखर तेवढीच होती, थंडीने झाकली होती.

आजीच्या नियमाकडे परत येतो, कारण त्याला वाटतो त्याहून जुना आधार आहे. उन्हाने, श्रमाने किंवा भीतीने तापलेल्या माणसाने एकदम गार पाण्याशी संबंध आणू नये, हे चरकसंहितेत त्वचारोगांच्या कारणांमध्ये आलेलं आहे. तरीही आयुर्वेद सरसकट गार पाण्याच्या विरोधात आहे, ही समजूत चुकीची. वाग्भटाने थकवा, मूर्च्छा, चक्कर, दाह, तहान, अगदी मद्याचा अंमल यांवरही गार पाणी सांगितलंय. गरम पाण्याची यादी वेगळी, कफाची आणि नव्या तापाची. म्हणजे जुन्या वैद्यांनी माणूस आणि वेळ पाहून पाणी दिलं. सगळ्यांना सगळ्या ऋतूंत कोमट पाणी हा अलीकडचा सोवळेपणा आहे.

उन्हातून येऊन लगेच गार पाणी प्यायल्याने निरोगी माणूस कोसळतो, याला भक्कम पुरावा नाही. पण तहानलेल्या माणसाचं शरीर घोटाघोटाला हिशेब ठेवतं, पाणी रक्तात पोचायच्या आधीच. गार घोट घशाखाली उतरला की तहान झटकन शमते, मग माणूस पेला खाली ठेवतो. १९८३च्या एका फ्रेंच अभ्यासात तहानलेल्या लोकांना वेगवेगळ्या तापमानांचं पाणी दिलं तेव्हा ते सर्वांत जास्त प्यायले १५ अंशांना. त्याहून गार पाणी जास्त सुखद लागलं, पण पोटात कमी गेलं. फ्रिजच्या बाटलीचे चार घोट घेऊन ‘हुश्श’ करणाऱ्याच्या अंगात पाणी कमीच राहतं. उन्हाळ्यात माठाचं पाणी या पंधराच्या खाली जात नाही, फ्रिजचं मात्र बरंच खाली जातं. आणि गुळाच्या खड्याने साखर किती मिळायची ते मिळो, पोरगं पाच मिनिटं सावलीत बसायचं हा त्यातला मोठा फायदा.

माठ हे भांडं मला तरी फ्रिजपेक्षा हुशार वाटतं. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं, आणि वाळणारा प्रत्येक ग्रॅम आपल्याबरोबर सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे एक ग्रॅम उडून गेला की अर्ध्या लिटरहून जास्त पाणी एका अंशाने उतरतं. पण माठाची हुशारी हवेवर अवलंबून आहे. नागपुरात ४५ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या वस्तूला गाठता येणारी तळरेषा २४ अंशांच्या आसपास असते. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ती २८च्या वर. तिकडे एकवीस अंशांची उतरण, इकडे जेमतेम पाचाची. म्हणून वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात घर वाचवतो आणि गिरगावात नुसता ओलसर वारा मारतो. नागपूरहून बदलून मुंबईला आलेल्या माणसाने हौसेने आणलेला कूलर पुढच्या वर्षी गॅलरीत धूळ खात असतो. तो आमच्याकडेही आहे.

घाम हाही माठच. यावर ओटावा विद्यापीठात झालेलं काम वाचलं तेव्हा मी चकित झालो होतो. सायकल चालवणाऱ्यांना व्यायामाच्या मधे १.५, १०, ३७ आणि ५० अंशांचं पाणी पाजलं. गार पाणी पोटात गेलं की घामाच्या ग्रंथी लगेच आखडता हात घेतात, गरम पाण्याने त्या मोकळ्या सुटतात. आणि जास्त आलेला घाम पूर्ण वाळत असेल तर गरम पाणी प्यायलेल्याच्या अंगात शेवटी उष्णता कमी साठते. उन्हाळ्यात भर दुपारी टपरीवर कढत चहा पिणाऱ्यांना हसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. अट मात्र माठाचीच: हवा कोरडी हवी, अंगावर वारा हवा. लोकलच्या गर्दीत, जिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, तिथे चहाने फक्त उकाडा वाढेल. धावपटूंचा बर्फाचा चुरा या निष्कर्षाच्या विरोधात जात नाही. तो घाम सुटायच्या आधी खाल्लेला, अंगात साठवलेला गारवा आहे.

इथपर्यंत गंमत होती. उष्माघात आला की विषय बदलतो, आणि याच जागी गार पाण्याची भीती माणसं मारते. शरीराचं आतलं तापमान चाळिशीच्या वर, बोलणं असंबद्ध, तोल जातोय, अशा माणसाला किती लवकर गार करता येतं यावर त्याचा जीव अवलंबून असतो. अमेरिकेतल्या फाल्मथ गावी दर ऑगस्टमध्ये सुमारे अकरा किलोमीटरची शर्यत होते. तिथे तंबूतच बर्फाच्या पाण्याचे टब भरून ठेवतात. अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण त्या टबांत बुडवले गेले. एकही दगावला नाही. पाणी १० अंशांच्या आसपास, तापमान मिनिटाला ०.२२ अंशाने उतरलं. ‘रक्तवाहिन्या आकसून उष्णता आत कोंडेल’ ही शंका तिथे खोटी ठरली: कातडी आकसते खरी, पण पाणी उष्णता ज्या वेगाने ओढतं त्यापुढे त्याचं काही चालत नाही. हा पुरावा मुख्यतः धडधाकट धावपटूंचा आहे. म्हाताऱ्या, हृदयरोगी माणसाला बुडवताना डॉक्टर हातचं राखतात. पण ओल्या चादरी, पंखा, मान-काखा-जांघेत बर्फ, हे तरी कोणी थांबवू नये. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचं नाही, एवढी एकच मनाई. खारघरच्या मैदानावर १६ एप्रिल २०२३ला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर १४ माणसं गेली. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात उष्माघातासाठी बर्फाच्या पाण्याचे टब बसले. मैदान भरण्याआधी असे टब मैदानाच्या कडेला ठेवायला फार खर्च येत नाही.

आता जरा निर्जीव वस्तूंकडे. गेल्या वर्षी गुळांबा केला. पातेलं गॅसवरून उतरवलं, नुकती नळाखाली धुतलेली काचेची बरणी ओट्यावर होती, आणि घाईत पहिली पळी तिच्यात ओतली. ‘टच्’. इतका बारीक आवाज की आधी लक्षातच आलं नाही; मग बरणी उचलली तेव्हा बूड ओट्यावर राहिलं आणि वरचं नळकांडं हातात आलं. गुळांबा ड्रॉवरपर्यंत ओघळला. झालं असं की काचेची आतली बाजू तापून फुगायला निघाली आणि बाहेरची गार राहिली. आतल्या फुगण्याने बाहेरची बाजू ताणली गेली. काच दाब पुष्कळ सोसते, ताण अजिबात नाही. बरणी जितकी जाड तितका हा धोका जास्त, कारण उष्णता आरपार जायला वेळ लागतो; आणि सगळ्यात जाड भाग बूड, म्हणून तडा तिथेच. टपरीवरचे पातळ ग्लास उकळता चहा रोज झेलतात आणि आपली भारीची जाड बरणी फुटते, यात अन्याय काहीच नाही. साधी काच एका अंशाला दशलक्षात नऊ भाग प्रसरण पावते, बोरोसिलिकेट साडेतीनहूनही कमी. प्रयोगशाळेतली भांडी त्या काचेची असतात. तापलेल्या काचेवर गार पाणी पडणं तर याहून वाईट, कारण तेव्हा ताण थेट वरच्या ओरखडलेल्या पृष्ठभागावर येतो.

फ्रिजरमध्ये विसरलेली बाटली फुटते तिचं कारण निराळं. पाणी ४ अंशांना सर्वांत घट्ट असतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि बाटलीला तेवढी जागा नसते. पॉटचं आइस्क्रीम हा त्याच पाण्याचा आणखी एक खेळ. लाकडी बादलीत बर्फ, त्यावर खडेमीठ, मधे फिरणारा डबा. मिठामुळे बर्फ शून्याच्या खालीच वितळू लागतो, त्यासाठी लागणारी उष्णता डब्यातल्या दुधातून खेचतो, आणि मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. हँडल फिरवायची पाळी आमच्याकडे सर्वांत धाकट्याची असायची. हात गळून यायचे. पण न फिरवता ठेवलं तर बर्फाचे खडे होतात हे आम्हाला एकदा थांबून कळलं होतं. लग्नांत हल्ली धूर सोडणारं पान देतात त्याबद्दल मात्र चार कडक शब्द लिहायला हवेत. तो धूर द्रवरूप नायट्रोजनचा असतो. उकळबिंदू उणे १९६ अंश, आणि वायू झाला की आकारमान सुमारे सातशेपट. २०१२मध्ये इंग्लंडमध्ये एका तरुणीने असं पेय प्यायलं आणि तिचं जठर काढावं लागलं. २०२४मध्ये गुरुग्राममध्ये मुखवास म्हणून सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) चघळलेल्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. बर्फाच्या पाण्याला घाबरणारी मंडळी हे पान हसत तोंडात टाकतात.

बरणीचा नियम झटक्याचा. पण नुसता गारवाही पुरेसा असतो, हे एका पेल्याने जगाला दाखवलं. २८ जानेवारी १९८६ला सकाळी फ्लोरिडात जेमतेम २ अंश तापमान होतं. चॅलेंजर यान उडालं आणि ७३ सेकंदांत सात अंतराळवीरांसह फुटलं. ११ फेब्रुवारीला चौकशी आयोगाची जाहीर बैठक चालू असताना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी समोरच्या बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात चिमट्याने दाबलेला रबराचा तुकडा बुडवला, थोड्या वेळाने काढून चिमटा सोडला. रबर लगेच पूर्वपदावर आलं नाही. इंधनाच्या सांध्यातली रबरी कडी त्या सकाळी अशीच आळसावली होती, तापलेला वायू तिच्या शेजारून निसटला. इथे काही तडकलं नाही, झटकाही नव्हता. पदार्थ गार होऊन मंद झाला होता, आणि सांध्याला सेकंदाच्या आत सील करायची घाई होती.

माणूस मात्र मंद होऊन वाचल्याच्या गोष्टी आहेत. १९९९च्या मे महिन्यात नॉर्वेत ॲना बॉगेनहोल्म ही शिकाऊ डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्याच्या बर्फाखाली ऐंशी मिनिटं अडकली. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद; रुग्णालयात तापमान १३.७ अंश. ती वाचली, आणि पुढे त्याच रुग्णालयात कामाला लागली. गार मेंदूला प्राणवायू कमी लागतो, म्हणून तिचा मेंदू टिकला. गारव्याच्या याच गुणाच्या आधारे हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या रुग्णांना मुद्दाम गार ठेवायची पद्धत २००२पासून जगभर आली. २०२१मध्ये मोठ्या प्रमाणावर तपासलं तेव्हा ३३ अंशांना ठेवलेल्या रुग्णांना नुसता ताप येऊ न दिलेल्यांपेक्षा काही जास्त लाभ दिसला नाही. त्याच वर्षी भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या गुदमरलेल्या नवजात बाळांवरच्या चाचणीचा निकाल आला: ४०८ बाळांपैकी गार केलेल्या गटात ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१ टक्के. श्रीमंत देशांत जो उपचार बाळांना तारत होता तोच इथे उलटला. गारवा एका जागी तारतो म्हणून तो सगळीकडे तारेल असं धरायची घाई किती महाग पडते, याची ही दोन उदाहरणं.

आणि ॲनाची दुसरी बाजू अशी की बहुतेक माणसं गार पाण्यात मंद व्हायच्या आधीच मरतात. हिमालयात ट्रेकला गेलेली आपली मुलं तळ्यात उडी मारण्याची पैज लावतात तेव्हा त्यांना हे कोणी सांगत नाही. पाणी १५ अंशांच्या खाली असलं की कातडी एकदम गारठून पहिल्याच क्षणी अनावर श्वास ओढला जातो, मग धापा. तोंड पाण्याखाली असेल तर तो एक श्वास पुरतो. पोर्ट्समथ विद्यापीठाचे मायकेल टिप्टन यांनी या पहिल्या दोन-तीन मिनिटांवर आयुष्य घालवलं. त्यांचं सांगणं असं की तेवढा वेळ पाठीवर तरंगत राहा, पोहू नका, श्वास ताब्यात येतो. आपल्या विहिरींत हा प्रसंग येत नाही, कारण विहिरीचं पाणी वर्षभर जवळपास तेवढंच, पंचविशीच्या आसपास असतं. म्हणूनच उन्हाळ्यात गार आणि पौषात कोमट लागतं.

राहता राहिला गरम बाजूचा पुरावा, जो कर्करोगाच्या बाबतीत गार बाजूपेक्षा भक्कम आहे आणि ज्याची घरात कधी चर्चा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये ६५ अंशांच्या वरची पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकली. चहा नव्हे, कॉफी नव्हे, त्यांचा कढतपणा. गार पाण्याबद्दल असं वर्गीकरण कोणी केलेलं नाही. आमच्या घरी फ्रिजची बाटली हिसकावून घेणाऱ्या आत्या चहा मात्र ‘चटका बसला पाहिजे’ असा पितात.

आजी कपातून कधी प्यायली नाही. चहा बशीत ओतायची, दोन्ही हातांनी बशी तोंडाशी न्यायची, एक फुंकर, मग फुर्रर्र. शहरात शिकून आलेल्या आम्हाला त्या आवाजाची लाज वाटायची. या लेखासाठी परवा थर्मामीटर घेऊन बसलो: कपात ७४, बशीत ओतून मिनिटभराने ५७.